पिसांतला हिरवा आणि मण्यांतला हिरवा

पाळीव पक्ष्यांवरून सुचलेले मणीकाम मी गेली काही वर्षे करते आहे. त्यातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी चोच, डोळा किंवा पंजे यांचे नाव घेणार नाही. मी हिरव्या रंगाचे नाव घेईन. दुकानात हिरव्या मण्यांच्या डझनावारी छटा मांडलेल्या असतात, पोपटी, पाचूसारख्या, शेवाळी, बाटलीच्या काचेसारख्या, आणि तरीही त्यांतली कोणतीही एक छटा निवडून बजरीगर या पाळीव पोपटाचे पोट मण्यांनी भरले की ते पोट न वाटता कापडाचा तुकडा वाटतो. छटा चुकलेली नसते. पक्ष्याचा हिरवा मुळात एका थराचा रंग नसतो, आणि आपण तो एका थराच्या मण्याने भरायला बसलेलो असतो. हे एकदा उमगले की मणी निवडण्याची सगळी पद्धतच बदलते. आजचा लेख प्रामुख्याने त्या पद्धतीविषयी आहे.

माझ्याकडे दोन बजरीगर आहेत. हिरवा नर पाचू आणि निळी मादी आभा. बाजारात या पक्ष्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, पण हे मूळचे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट आहेत. पाचूच्या पोटावरचे गळून पडलेले पीस भिंगाखाली धरले की त्याच्या बारीक तंतूंमध्ये रंगाची मांडणी लक्षात येऊ लागते, आणि तिचे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी फार सुंदर दिले आहे. तंतूच्या बाहेरच्या थरात पिवळे रंगद्रव्य असते. पोपटांच्या कुळाबाहेर न आढळणारे हे द्रव्य पक्ष्याच्या अन्नातून येत नाही, ते त्याचे शरीर स्वतः तयार करते. त्याच्या आत केराटिन (पीस ज्याचे बनते ते प्रथिन) आणि हवा यांचा स्पंजासारखा सच्छिद्र थर असतो. या थरात निळे द्रव्य कणभरही नसते, पण त्यातल्या छिद्रांची रचना अशी असते की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. त्याच्याही आत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा काळा थर असतो आणि तो उरलेला प्रकाश शोषून घेतो. पिवळ्या पडद्यातून निळा बाहेर येतो आणि आपल्याला हिरवा दिसतो.

आभाचा निळा हा याच रचनेतून पिवळा पडदा वजा केल्यावर उरलेला रंग आहे. ऑस्ट्रेलियातल्या रानात बजरीगरांचे थवेच्या थवे हिरवे असतात. निळे पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या पिंजऱ्यांत निपजले. जॉन गुल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तिथून हा पक्षी घरोघरी पोहोचला, आणि मग पैदास करणाऱ्यांच्या हाती हे रंगभेद लागत गेले. पिवळे द्रव्य तयार करणारे विकर (एन्झाइम) एका छोट्याशा जनुकीय बदलामुळे निकामी होते आणि पक्षी निळा होतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. मेलॅनिनच नसेल तर पक्षी पिवळाधमक दिसतो, आणि मेलॅनिन व पिवळे द्रव्य दोन्ही नसतील तर पांढरा. आपल्याकडेही या विषयाचा पाया फार जुना आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांवर लेख लिहिला होता आणि त्यासाठी नीलपंखाची पिसे अभ्यासली होती.

ज्याला हे घरी पडताळून पाहायचे असेल त्याने निळ्या बजरीगरचे गळलेले पीस घ्यावे. उजेडाकडे पाठ करून ते पाहिले की निळे दिसते. तेच पीस खिडकीसमोर धरून त्यातून आरपार पाहिले की निळाई विझते आणि मळकट करडा रंग उरतो. मण्यांचे काम करणाऱ्याने हा प्रयोग एकदा तरी करावा, कारण काचेचा मणीही उजेड कुठून येतो आणि मागे काय आहे यावर याच तऱ्हेने रंग बदलतो.

आता मण्यांकडे वळते. काचेचे बारीक मणी ढोबळमानाने दोन जातींचे असतात. अपारदर्शक मण्याचा रंग काचेच्या अंगातच असतो. त्याच्यावर पडलेला उजेड वरच्या वरून परततो आणि मणी सर्व बाजूंनी सारखा दिसतो. पारदर्शक मण्यातून उजेड आत जातो, आणि मग भोकाच्या आतल्या बाजूला काय आहे याला महत्त्व येते. काही मण्यांच्या भोकाला आतून चांदीसारखा चकचकीत लेप दिलेला असतो, तर काहींच्या भोकाला आतून दुसराच रंग लावलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात काच पिवळी आणि आतला रंग निळा असा मणी मिळाला की पक्ष्याचा हिरवा हाती आला असे समजावे. बाहेर पिवळा, आत निळा, आणि डोळ्याला दिसणारा हिरवा. पिसाची आणि मण्याची घडण इथे थराला थर जुळते. हा मणी नुसत्या हिरव्या मण्याशेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. समोरून पाहिल्यावर तो गडद दिसतो, कडेला काच जाड असल्यामुळे तिथे पिवळी झाक उमटते, आणि ओळीने भरले की संपूर्ण पोटावर ती झाक लुकलुकत राहते.

असा मणी प्रत्येक दुकानात मिळत नाही. तेव्हा मी पारदर्शक पिवळा मणी घेते आणि तो निळ्या फेल्टवर, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडावर, गर्द निळ्या दोऱ्याने शिवते. दोरा भोकातून जातो, म्हणजे मण्याच्या आतला रंग आपोआप निळा होतो. पारदर्शक मण्याच्या कामात दोऱ्याचा रंग हा रंगकामाचाच भाग आहे, आणि पांढऱ्या दोऱ्याने सगळे शिवण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती या कामापुरती सोडावी असा माझा आग्रह आहे.

खालच्या कापडाचाही विचार असाच करावा लागतो. पिसात मेलॅनिन जे काम करते ते मणीकामात अस्तर करते. आभासाठी मी दुधी काचेचे, म्हणजे ओपल जातीचे मणी वापरते. या काचेत अतिशय सूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे काळ्या कापडावर ठेवल्यावर हा मणी निळसर दिसतो आणि उजेडासमोर धरल्यावर त्यात उबदार पिवळट-केशरी छटा येते. बिनरंगाच्या मण्यातून निळा रंग उमलताना पाहणे हा मला या छंदातला सर्वांत मोठा आनंद वाटतो. तेच मणी पांढऱ्या फेल्टवर शिवले तर पक्षी फिकट, जवळजवळ पांढरा होतो. मेलॅनिन नसलेल्या बजरीगरचे जे होते तेच इथे होते. कापड बदलून पक्ष्याची जात बदलते! मात्र ओपल मण्यांचा निळा अगदी हलका असतो, म्हणून त्यांच्यात मधूनमधून पारदर्शक आकाशी मणी मिसळावे लागतात.

पुण्यात हे सगळे साहित्य शोधायचे तर रविवार पेठेत बोहरी आळीत जावे, आणि मुंबईकरांना भुलेश्वर आहेच. मणी वजनावर मिळतात. झेक आणि जपानी मणी महाग असतात, पण त्यांचा आकार एकसारखा असतो. उत्तर प्रदेशातून येणारे मणी स्वस्त असतात आणि त्यांत जाड-बारीक अशी मिसळ असते. ब्रोचसारख्या छोट्या कामाला मी सारखे मणी घेते, पण पंखांच्या कडेला आणि पोटाखालच्या लवेला मिसळीचे मणी मुद्दाम वापरते, कारण पक्ष्याच्या अंगावरची लव सारखी नसतेच. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली मणी निवडू नयेत. दुकानदाराला विनंती करून पुडी दारापर्यंत आणावी आणि दिवसाच्या उजेडात, हाताच्या तळव्यावर न ठेवता काळ्या कापडाच्या तुकड्यावर पसरून पाहावी. मी पर्समध्ये काळ्या, पांढऱ्या आणि निळ्या फेल्टचे तुकडे ठेवते.

आकारांची बाब थोडक्यात सांगते. मण्यांच्या आकाराचे क्रमांक उलटे चालतात: क्रमांक जितका मोठा तितका मणी बारीक. ११ क्रमांकाचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा असतो आणि १५ क्रमांकाचा सुमारे दीड मिलिमीटरचा. बजरीगर चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर असतो. मी ६ सेंटिमीटरचा ब्रोच करते, म्हणजे पक्षी एक तृतीयांश होतो, आणि या मापात त्याच्या गळ्यावरचा प्रत्येक काळा ठिपका नेमका एका मण्यात बसतो. हे माप मला म्हणूनच आवडते. डोक्यावरच्या काळ्या-पिवळ्या लहरी १५ क्रमांकाच्या मण्यांनी भराव्यात, पोट आणि पाठ ११ क्रमांकाने, आणि शेपटीच्या लांब पिसांना नळीसारखे पाइप मणी घ्यावेत.

ब्रोचची कृती अशी. फेल्टच्या मागे बकरम, म्हणजे ताठ अस्तर, लावून त्यावर पक्ष्याची बाह्यरेषा खडूने काढावी. मण्यांच्या बारीक सुईत नायलॉनचा दोरा ओवून त्याला मेण लावावे, म्हणजे गुंता होत नाही आणि काचेच्या कडेने दोरा कातरत नाही. उलट्या टिपेने चार मणी घालून दोन मणी मागे यायचे, आणि त्या शेवटच्या दोन मण्यांतून पुन्हा सुई काढायची. ओळ घट्ट बसते. भरण्याची सुरुवात शेपटीकडून करावी आणि डोक्याकडे चढत जावे. पक्ष्याची पिसे कौलांसारखी असतात, वरचे पीस खालच्यावर झुकलेले, आणि खालून वर भरत गेले की प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीवर किंचित टेकते. हा उतार एका मण्याच्याही जाडीचा नसतो, पण उजेड त्यावर वेगळा पडतो.

डोक्याशी आले की घाई करू नये. पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जी मऊ पट्टी असते ती निळी असते, मादीची तपकिरी. हिच्यासाठी अपारदर्शक, चकाकी नसलेला मणी घ्यावा, कारण ती कातडी आहे, पीस नव्हे. गळ्यावर काळ्या ठिपक्यांची माळ असते आणि बाहेरचे दोन ठिपके गालावरच्या जांभळ्या-निळ्या डागाखाली अर्धे झाकलेले असतात, म्हणून आधी ठिपके शिवावेत आणि गालाचे मणी नंतर त्यांच्यावर थोडे चढवावेत. पिल्लाचे चित्र करायचे असेल तर लहरी थेट चोचीपर्यंत आणाव्यात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ मोकळे, स्वच्छ पिवळे होते. पिल्लाचा डोळा सगळा काळा असतो, तर मोठ्या पक्ष्याच्या काळ्या बाहुलीभोवती पांढरे कडे असते. एका काळ्या गोल मण्याभोवती १५ क्रमांकाच्या पांढऱ्या मण्यांचे कडे घातले की चित्रातल्या पक्ष्याचे वय ठरते. ज्यांनी पक्षी पाळला आहे अशी माणसे ब्रोच हातात घेऊन प्रथम इथेच पाहतात, आणि त्यांनी तो पक्षी ओळखला की मला कशाचीही उणीव वाटत नाही.

कॉकेटिएलची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे आणि त्याला चकाकते मणी शोभत नाहीत. हा पक्षी काकाकुव्यांच्या कुळातला. या कुळाच्या पिसांत निळा रंग परत फेकणारा तो स्पंजासारखा थर नसतोच, त्यामुळे पैदास करणाऱ्यांनी कितीही पिढ्या वाढवल्या तरी हिरवा किंवा निळा कॉकेटिएल झालेला नाही. त्याच्याकडे मेलॅनिनचा करडा, पिवळा आणि गालावरचा केशरी एवढेच रंग आहेत. शिवाय त्याच्या पिसांतून पिठासारखी बारीक भुकटी सतत झडत असते. घरात कॉकेटिएल असणाऱ्यांना कपाटांवर बसणारा पांढुरका थर ठाऊक असेल. या भुकटीमुळे त्याचा करडा रंग धुक्यातून पाहिल्यासारखा मऊ दिसतो. म्हणून मी त्याच्यासाठी चमक घालवलेले मणी वापरते, ज्यांना मॅट म्हणतात, आणि दोन-तीन करड्या छटा एकाच पुडीत मिसळून न निवडता सुईवर येतील तशा घेते. चमक फक्त डोळ्यात ठेवायची. तुऱ्याला पिवळे पाइप मणी, टोकाला एकेक बारीक मणी घालून, कापडापासून मोकळे उभे करावेत. तुरा ताठ असेल तर पक्षी दचकलेला किंवा उत्सुक दिसतो, मागे झुकलेला असेल तर निवांत. सपाट शिवलेला तुरा हे काहीच सांगत नाही.

इंद्रधनुषी लेपाच्या मण्यांविषयी मला ठामपणे बोलायचे आहे, कारण चमचमत्या मण्यांचे काम म्हटले की लोक सर्वप्रथम तेच उचलतात. स्वारोव्स्की कंपनीने १९५६ साली ख्रिश्चन दिओर या फॅशनकाराबरोबर हा लेप बाजारात आणला, आणि आज तो स्वस्तातल्या स्वस्त मण्यांवरही मिळतो. काचेवर धातूचा अतिपातळ थर बसवलेला असतो आणि मान थोडी हलवली की रंग बदलतो. पोपटाच्या अंगावर हा मणी शोभत नाही. पोपटाचा निळा-हिरवा कोणत्याही बाजूने पाहा, जवळपास तसाच राहतो, कारण त्याच्या पिसातली छिद्रे सर्व दिशांनी सारखी विखुरलेली असतात. याउलट पारव्याच्या आणि पाळीव कबुतरांच्या मानेवरचा जांभळा-हिरवा पातळ थरातूनच येतो आणि प्रत्येक पावलाला बदलतो. तेव्हा इंद्रधनुषी मणी कबुतरासाठी राखून ठेवावेत. करड्या मॅट अंगावर फक्त मानेचा पट्टा या मण्यांनी भरला की कबुतर इतके हुबेहूब होते की बाकीच्या तपशिलांकडे लक्षही जात नाही.

आपल्या घरांत मण्यांचा पक्षी मात्र ब्रोचच्या कितीतरी आधी आला. लग्नाच्या रुखवतात मांडलेले मण्यांचे राघू-मैना अनेकांनी पाहिले असतील. मला हे काम आत्याने शिकवले. तंगूसच्या दोऱ्याची दोन टोके, दोन्हीकडून मणी ओवायचे, आणि शेवटच्या मण्यातून दोन्ही टोके उलटसुलट काढून गाठ न मारता घट्ट ओढायचे. अशी एक फेरी झाली की आत्या म्हणायची, ‘फूल झालं, आता त्याला शेजारीण दे.’ एकेका फुलाला शेजारी मिळत राहते आणि वीण वाढत जाते. कोणत्या ओळीला किती मण्यांचे फूल घ्यायचे हे ती तोंडपाठ सांगायची. त्यामागचे गणित मी पुढे वाचले तेव्हा तिच्याविषयीचा माझा आदर शतपटीने वाढला.

सहा मण्यांच्या फुलांभोवती सहाच मण्यांची फुले घेत गेले की वीण सपाट राहते. पाच मण्यांचे फूल घेतले की त्या जागी वीण आत वळते आणि फुगवटा येतो. नुसत्या पाच मण्यांची १२ फुले जोडली की ३० मण्यांचा बंद गोळा तयार होतो. हे पोपटाचे डोके. अंग लांबट आणि मोठे हवे, म्हणून पाचाच्या फुलांमध्ये सहाची फुले घालावीत, आणि प्रत्येक सहाच्या फुलामागे तीन मणी वाढतात. पाच आणि सहा मण्यांच्या फुलांनी बंद होणाऱ्या अंगात, ते कितीही मोठे असो, पाचाची फुले बरोबर १२ लागतात. एकही कमी चालत नाही, एकही जास्त. खरी करामत मानेची आहे. मान आत चेपलेली आणि वर-खाली फुगणारी असल्यामुळे तिथे सात मण्यांचे फूल लागते, आणि सातचे एक फूल घातले की कुठेतरी पाचाचे एक जास्तीचे फूल द्यावेच लागते, नाहीतर पोपट बंदच होत नाही. हे ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रातून निघते. आत्याने ऑयलरचे नाव ऐकलेले नव्हते, पण ‘मानेला सात घेतलेस की पोटाला एक पाच देऊन टाक’ हे तिचे वाक्य त्या सूत्राशी तंतोतंत जुळते. महाराष्ट्रातल्या कितीतरी स्त्रियांनी ही भूमिती वहीत न लिहिता बोटांवर सांभाळली, आणि रुखवताचे काम म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी तिची पुरेशी दखल घेतली नाही, असे मला मनापासून वाटते.

रुखवतातला तो पोपट म्हणजे आपला रानातला कंठवाला पोपट. पैठणीच्या काठावरची लाल चोचीची हिरवी मुनिया हीसुद्धा पोपटाच्याच रूपात विणली जाते. गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त नराला असतो आणि तोही साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. म्हणून राघूला गुलाबी मण्यांची एक ओळ द्यावी, मैनेच्या जागी पोपटाचीच मादी करायची असेल तर तिला ती देऊ नये. हा पोपट पिंजऱ्यात ठेवण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि तरीही तो चोरून विकला जातो. बजरीगर आणि कॉकेटिएल पिढ्यान्पिढ्या माणसाच्या घरात वाढलेले आहेत. आपला पोपट झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना उचलून आणला जातो. ज्यांना घरात पोपट हवा असतो त्यांना मी मण्यांचा पोपट करून देते, आणि अगदी जीव ओतून करते.

माझ्या भाचीच्या बाळासाठी अलीकडे चिमणाळे केले. पाळण्यावर टांगायचे पारंपरिक चिमणाळे कापडी चिमण्या-पोपटांचे असते. मी पक्षी कापडीच ठेवले, पोटात कापूस भरला, आणि मणी फक्त वरच्या कड्यापासून पक्ष्यांपर्यंत येणाऱ्या दोऱ्यांत ओवले. त्यातही पैलू पाडलेले लोलक सर्वांत वर, म्हणजे खिडकीतला उजेड त्यांच्यातून फुटून खालच्या पक्ष्यांवर पडतो. तान्ह्या मुलाच्या हाताला मणी लागता कामा नये. बाळ बसायला लागले की चिमणाळे उतरवून ठेवावे, आणि दोरा कितीही मजबूत वाटला तरी प्रत्येक मण्यानंतर गाठ द्यावी, म्हणजे दोरा तुटलाच तर सगळी माळ एकदम ओघळणार नाही.

घरातल्या खऱ्या पक्ष्यांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. बजरीगरला चकाकणारी प्रत्येक वस्तू चोचीत धरून पाहायची असते. काचेचा मणी गिळणे वाईटच, पण जस्ताचा मुलामा असलेली तार, स्वस्त धातूचे हूक आणि जुन्या स्फटिककाचेतले शिसे हे त्यांच्यासाठी विष आहे. सुटा दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला तर बोट जाऊ शकते. पक्षी मोकळे सोडलेले असताना मी मण्यांचा डबा उघडत नाही. बकरम इस्त्रीने चिकटवण्याचे कामही मी दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून करते, कारण नॉनस्टिक लेप अति तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. चिकटवण्याच्या द्रावणांच्या उग्र वासालाही तोच नियम. पिंजऱ्यात टांगायचे खेळणे करायचे असेल तर काचेच्या मण्यांऐवजी रंग न दिलेले मोठे लाकडी मणी आणि चामड्याची वादी घ्यावी.

सध्या सुईवर गोल्डियन फिंच आहे. ऑस्ट्रेलियाचाच हा लहानसा पक्षी, हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळे पोट. त्याला नाव देणारा तोच जॉन गुल्ड, आणि त्याने हे नाव आपल्या पत्नीच्या, एलिझाबेथ गुल्डच्या स्मरणार्थ १८४४ साली दिले. ती उत्तम चित्रकार होती, पतीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, पक्ष्यांची शेकडो चित्रे तिने केली, आणि १८४१ साली वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी बाळंतपणानंतर गेली. पक्षी पाहून हाताने काही करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिचे नाव ठाऊक असायला हवे.

या पक्ष्याच्या छातीसाठी लागणारा जांभळा मणी मात्र बेभरवशाचा असतो. जांभळ्या आणि गुलाबी मण्यांत पुष्कळदा रंग काचेत नसून वरून दिलेला असतो आणि उन्हाने तो उडतो. त्यामुळे कामाला हात घालण्याआधी प्रत्येक पुडीतले थोडे मणी अर्धे काळ्या कागदाखाली आणि अर्धे उघडे असे दक्षिणेच्या खिडकीत ठेवायचे, थोडे साबणाच्या पाण्यात भिजवायचे आणि थोडे पांढऱ्या कापडात गुंडाळून चोळायचे. रंग न सोडणारी पुडी मिळाली की छाती भरायला घेईन. तोवर पाठीचे हिरवे, पिवळ्या मण्यातून निळा दोरा ओवून, शेपटीकडून वर चढते आहे.